बिननावाची गोळी

डिसेंबर २०२५ संपता संपता केंद्र सरकारने निमेसुलाइड या दुखण्यावरच्या औषधाच्या १०० मिलिग्रॅमहून जास्त मात्रेच्या साध्या गोळ्यांवर बंदी आणली आणि दुखण्याच्या गोळ्यांवरचा जुना वाद पुन्हा पेटला. एका बाजूला 'पेनकिलर म्हणजे किडनीचा काळ' असे रोज सकाळी पाठवणारे व्हॉट्सॲपी वैद्य. दुसऱ्या बाजूला 'आमच्या बापाने जन्मभर घेतल्या, काय झालं त्याला?' म्हणणारे. तिसरी फळी कायदेवाल्यांची: चिठ्ठीशिवाय गोळी देणाऱ्या मेडिकलवाल्यांचे परवाने रद्द करा, प्रश्न मिटला. तिघेही गोळीबद्दलच बोलतात. ती कोणाच्या पोटात, कोणत्या महिन्यात, कशाच्या जोडीला आणि किती दिवस जाते, हे कोणी विचारत नाही. आणि ज्या बंदीवरून एवढा गदारोळ, तिने दुकानातली नेहमीची निमेसुलाइड जागची हललीही नाही, कारण ती मुळात १०० मिलिग्रॅमचीच असते.

मी औषधशास्त्र शिकवतो, त्यामुळे कायदेवाल्यांच्या बाजूने असेन असे विद्यार्थ्यांनाही वाटते. मी नाही. माझ्या मते, थोड्या दिवसांसाठी लागणारी, एकच औषध असलेली, छोट्या पण अख्ख्या पाकिटातली दुखण्याची गोळी चिठ्ठीशिवाय विकायला उघड परवानगी द्यावी. बंद करायच्या त्या दोन गोष्टी: कात्रीने कापून दिलेली पट्टी, आणि एका गोळीत दोन-तीन औषधे कोंबणारी मिश्रणे. आज आपण नेमके उलटे करतो. कागदावर जवळजवळ सगळ्यालाच चिठ्ठी लागते आणि प्रत्यक्षात सगळेच मिळते, तेही बिननावाचे.

आधी ही औषधे करतात काय, ते पाहू. कारण वाद इथेच रुळावरून घसरतो. पेशीला इजा झाली की तिच्या पापुद्र्यातले ॲराकिडोनिक आम्ल सुटते. सायक्लोऑक्सिजनेज नावाचे विकर (एन्झाइम) त्याचे प्रोस्टाग्लँडिन बनवते. या प्रोस्टाग्लँडिनमुळे त्या जागी रक्तवाहिन्या फुगतात, सूज येते, मज्जातंतूंची टोके एवढी हळवी होतात की एरवी न जाणवणारा स्पर्शही झोंबतो. मेंदूत पोचले की ताप चढतो. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड ही सगळी मंडळी त्या विकराचा रस्ता अडवतात. ॲस्पिरिन बाजारात आले १८९९ मध्ये, पण ते हे काम कसे करते हे लंडनच्या जॉन वेन यांनी दाखवून दिले १९७१ मध्ये. म्हणजे सत्तर वर्षे जगाने ती गोळी ती काय करते हे न कळता घेतली. वेन यांना १९८२ साली त्यासाठी नोबेलमध्ये वाटा मिळाला. अडचण अशी की हेच प्रोस्टाग्लँडिन शरीर दुखण्यासाठी राखून ठेवत नाही. जठराच्या आतल्या भिंतीवर चिकट संरक्षक थर राहतो तो त्याच्या जिवावर, रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) एकमेकींना चिकटतात त्यामागे त्याचेच भाऊबंद, आणि मूत्रपिंडात रक्त आणणारी बारीक धमनी अडचणीच्या वेळी उघडी राहते तीही त्याच्यामुळे. गोळीला गुडघा आणि जठर यांतला फरक कळत नाही. म्हणूनच 'जेवून घे, मग काही होत नाही' हा सल्ला अर्धाच खरा. जेवल्यावर जळजळ कमी जाणवते, पण औषध रक्तातून फिरून जठराच्या भिंतीपर्यंत येतेच. गोळीऐवजी सुई टोचून घेतली तरी जठरात व्रण (अल्सर) व्हायचा तो होऊ शकतो. गावोगावी 'गोळी नको डॉक्टरसाहेब, सुईच द्या' म्हणणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

मूत्रपिंडाची गोष्ट जरा थांबून पाहिली पाहिजे, कारण ती आमच्या तापत्या नागपुरात वेगळी आहे. धडधाकट, पाणी भरपूर प्यायलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाला या प्रोस्टाग्लँडिनची फारशी गरज पडत नाही. त्याने दोन दिवस आयबुप्रोफेन घेतली तर बहुधा काही बिघडत नाही, म्हणून 'काय झालं बापाला?' हा प्रश्न अगदीच खुळा नाही. पण घामावाटे शरीरातले पाणी गेले, रक्ताचा दाब उतरला, की मूत्रपिंड रक्तपुरवठा टिकवायला याच प्रोस्टाग्लँडिनवर विसंबते. आता मे महिन्यातली दुपार घ्या. पारा ४५ च्या पुढे, कळमन्याच्या बाजारात पोती उचलणारा हमाल, काटोलकडे बागेत राबणारी मजूर बाई, सिमेंट रस्त्याच्या कामावरचा गवंडी. संध्याकाळी अंग मोडून येते आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलवर हात पुढे होतो, 'भाऊ, कंबर लय दुखून राह्यली, दोन गोया दे.' ज्या दिवशी मूत्रपिंडाला ते रसायन सर्वांत जास्त हवे असते, त्याच दिवशी आपण त्याचा कारखाना बंद करतो. त्यात त्या माणसाला रक्तदाबाची गोळी चालू असेल तर संकट तिप्पट. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड आपल्याकडे बऱ्याचदा एकाच गोळीत येतात: पहिले औषध मूत्रपिंडातून रक्त बाहेर नेणारी वाट सैल करते, दुसरे पाणी काढून टाकते. तिसरी डायक्लोफेनॅक येऊन आत येणारी वाट आवळते. तीन औषधांपैकी दोन तर तो सकाळीच घेऊन आलेला असतो, आणि ती दोन आहेत हे त्याला माहीतही नसते.

म्हणजे व्हॉट्सॲपी वैद्य बरोबरच म्हणायचे का? त्यांच्या बाजूचे सगळ्यात भक्कम पुरावे त्यांना माहीतही नाहीत, म्हणून मीच मांडतो. १९९९ मध्ये आलेले रोफेकॉक्सिब जठराला सांभाळून दुखणे थांबवते म्हणून डोक्यावर घेतले गेले. हृदयविकार आणि पक्षाघात वाढतात हे दिसल्यावर ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीने ते जगभरातून परत घेतले. तेवढ्यात लक्षावधी माणसांनी ते घेतले होते. आपल्या लाडक्या डायक्लोफेनॅकचा स्वभावही त्याच्या बराच जवळचा. २०१३ मध्ये शेकडो चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून काढलेला निष्कर्ष सांगतो की हृदयविकाराचा मध्यम धोका असलेल्या हजार माणसांनी वर्षभर जास्त मात्रेत डायक्लोफेनॅक घेतले, तर एरवीपेक्षा साधारण ३ जणांना अधिकचा झटका येतो आणि त्यांतला एक दगावतो. हा धोका खरा आहे. पण आकडा नीट वाचा: वर्षभर, जास्त मात्रेत, हजारात तीन. विषाचा हिशेब असा नसतो. हा हिशेब मात्रेचा आणि मुदतीचा आहे. पाय मुरगळला म्हणून तीन दिवस गोळी घेणारी पोरगी आणि गुडघ्यांसाठी चार वर्षे रोज दोन घेणारे आजोबा यांना एकाच दमात घाबरवले की पोरगी उगाच कळ सोसते. आजोबा मात्र ऐकत नाहीत, कारण त्यांचा अनुभव त्यांना वेगळे सांगतो.

शिवाय 'गोळी दुखणे दाबते, रोग बरा करत नाही' हे जे दिमाखात ऐकवले जाते, तेही सरसकट खरे नाही. पाळीच्या दिवसांत गर्भाशय आवळते ते प्रोस्टाग्लँडिन वाढल्यामुळेच. मेफेनॅमिक ॲसिड तिथे कारणावरच बोट ठेवते. महिन्यातून दोन दिवस ती गोळी घेऊन कॉलेजात किंवा कामावर जाणाऱ्या मुलीला 'सवय लागेल' म्हणून टोमणे मारणाऱ्या घराने आधी स्वतःच्या ज्ञानाची तपासणी करावी. पाठीचा कणा आखडवणाऱ्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये, युरिक ॲसिडने अंगठा सुजतो तेव्हा, हीच औषधे पहिला उपचार असतात. आणि विदर्भात बसून सिकलसेल विसरायचा कसा? आपल्याकडे कित्येक घरांत तो आहे. वाकड्या झालेल्या लाल पेशी रक्तवाहिनीत अडकतात तेव्हा होणाऱ्या वेदनेला तोड नाही. अशा पोराच्या आईला 'पेनकिलर देऊ नका' सांगणे हा निव्वळ दुष्टपणा. सिकलसेल मूत्रपिंडालाही हात घालतो, म्हणून तिथे कोणती गोळी, किती दिवस, पाणी किती हे डॉक्टरांनीच ठरवायला हवे, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आपल्या वादांना पेलत नाही.

आता कायदेवाल्यांकडे वळू. त्यांचा मुद्दा सगळ्यांत जड आहे आणि तो उडवून लावता येत नाही. डॉक्टर रक्तदाबाची गोळी विचारेल, आधी व्रण झाला होता का विचारेल, गरोदर बाईला विसाव्या आठवड्यानंतर हे देणार नाही. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी घेऊन आलेल्याला आयबुप्रोफेन न देता पॅरासिटॅमॉल देईल, कारण डेंग्यूत बिंबिका आधीच उतरलेल्या असतात. हे सगळे त्या दोन कापलेल्या गोळ्यांच्या व्यवहारात होत नाही. कबूल. पण प्रश्न असा आहे की चिठ्ठीची सक्ती केली तर ते होईल का? डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन कायद्याने आजही अनुसूची 'एच' मध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. पट्टीच्या डाव्या कडेला लाल रेघही असते. काय फरक पडला? एका दिवसाची मजुरी बुडवून, नागपूरच्या सरकारी 'मेडिकल' किंवा मेयो रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळपासून रांग लावून, कंबरदुखीसाठी चिठ्ठी आणणारा हमाल कायदा करणाऱ्यांनी कधी पाहिला आहे का? धंतोलीतल्या दवाखान्याची फी तर सोडूनच द्या. तो दुकानातच येतो. आणि विक्री बेकायदा असल्यामुळेच ती मुकी होते. बिल नाही, पाकीट नाही, 'बीपीची गोळी चालू आहे का?' असा प्रश्न नाही, कारण विचारले की नाही म्हणावे लागते आणि गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. कात्री चालते, दोन गोळ्या हातावर पडतात आणि नाव, मात्रा, मुदत पट्टीच्या उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहते. उद्या त्या माणसाला काळी शौच झाली, म्हणजे जठरात रक्त सुटले, तर अपघात विभागातल्या डॉक्टरला तो एवढेच सांगू शकतो, 'पांढरी होती, गोल होती.'

चंद्रपूरने २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षे दारूबंदी पाहिली. तिच्या मागे बायाबापड्यांची खरी कळकळ होती आणि तिचा निवाडा मी इथे करत नाही. पण त्या काळात दारू मिळत होती हे कोणी नाकारत नाही. गेले ते बाटलीवरचे खात्रीचे लेबल. माणसाला हवीच असलेली वस्तू पाळता न येणाऱ्या कायद्यामागे ढकलली की हे असेच होते.

मग काय चालते? ऑस्ट्रेलियाकडे पाहा. तिथे विसाव्या शतकाच्या मध्यात 'बेक्स' आणि 'विन्सेंट्स' नावाच्या पुड्या घरोघरी होत्या. ॲस्पिरिन, फेनासेटिन आणि कॅफीन यांचे मिश्रण. कारखान्यातले कामगार, घरकामाने पिचलेल्या बाया रोज पुड्या घेत. कॅफीनमुळे तरतरी यायची आणि सुटली की डोके दुखायचे, मग पुन्हा पुडी. मेलबर्नच्या मूत्रपिंडतज्ज्ञ प्रिसिला किंकेड-स्मिथ यांनी या पुड्या आणि निकामी होणारी मूत्रपिंडे यांचा संबंध लावून धरला, पुड्यांवाल्यांशी झगडा केला. १९७९ मध्ये मिश्रणांची खुली विक्री तिथे थांबली आणि पुढच्या वर्षांत तो आजार ओसरला. यातली मेख बघा: एकटे ॲस्पिरिन दुकानात राहिलेच. गेली ती खिचडी. आपल्याकडेही जुन्या लोकांना 'एपीसी'ची गोळी आठवत असेल, तीच ही.

ब्रिटनने १९९८ मध्ये दुसरा मार्ग धरला. पॅरासिटॅमॉल चिठ्ठीशिवाय मिळत राहिले, पण साध्या दुकानात १६ आणि औषधाच्या दुकानात ३२ गोळ्यांहून मोठे पाकीट एका वेळी मिळेना. त्यानंतरच्या वर्षांत त्या औषधाच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू स्पष्ट घटले. पाकिटाच्या आकारावर एवढे अवलंबून असते? असते, आणि त्याचा पुरावा शोधायला फार लांब जायला नको, आपल्या आकाशात तो आहे, किंवा खरे तर नाही. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने, ती मेलेली गुरे खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. मेलेल्या पक्ष्यांच्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर सापडला. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्याण्णवहून जास्त संपत आली होती. २००६ मध्ये जनावरांसाठीचे डायक्लोफेनॅक बंद झाले, पण माणसांसाठीच्या ३० मिलिलिटरच्या मोठ्या बाटल्या सुरूच होत्या. बैलाला एक बाटली पुरेशी. २०१५ मध्ये सरकारने माणसांचे इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एकाच मात्रेत बांधले, तेव्हा कुठे ती चोरवाट अरुंद झाली. औषध माणसांना मिळतच राहिले, बदलली ती बाटली. २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरहून गिधाडे आणून पेंच आणि ताडोबात ठेवली गेली, त्यांचे जगणे अशा नीरस तरतुदींवर टांगलेले आहे. या गोष्टीचा दुसरा धडाही आहे. गुरांच्या शरीरात ॲसिक्लोफेनॅकचे डायक्लोफेनॅकच बनते, तरी जनावरांसाठी ते बंद व्हायला २०२३ उजाडले. एका नावावर बंदी घातली की धंदा दुसऱ्या नावाने चालू राहतो. निमेसुलाइडच्या ताज्या बंदीवर खूश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आपल्या काउंटरवर खरा गोंधळ मिश्रणांचा आहे. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटॅमॉल एका गोळीत, ॲसिक्लोफेनॅक, पॅरासिटॅमॉल आणि सूज उतरवणारे म्हणून सेराटिओपेप्टिडेज दुसरीत. तापासाठी वेगळी पॅरासिटॅमॉल घेणाऱ्याच्या पोटात तेच औषध दुसऱ्या वाटेने पुन्हा जाते आणि यकृतावरचा भार त्याला कळतही नाही. अशा मिश्रणांची छाननी करणाऱ्या सरकारी कोकाटे समितीच्या अहवालावरून २०१६ मध्ये ३४४ मिश्रणे बंद केली, कंपन्या कोर्टात गेल्या, २०१८ मध्ये ३२८ पुन्हा बंद झाली, २०२३ मध्ये १४, त्यात निमेसुलाइड आणि पॅरासिटॅमॉलची विरघळणारी गोळी, २०२४ मध्ये आणखी १५६. यादी संपत नाही, कारण आपण एकेक मिश्रण पकडत बसतो. उलटे का करू नये? दुखण्याच्या गोळीत एकच औषध हा नियम, आणि ज्याला मिश्रण विकायचे त्याने दोन्ही औषधे वेगवेगळी देऊन जमत नाही हे आधी सिद्ध करावे. 'सोबत गॅसची गोळी आहे ना' हा दिलासाही इथेच तपासावा. पँटोप्राझोल जठराला वाचवते, मूत्रपिंडाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

'हे सगळे सोडा, जडीबुटी घ्या' म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात. ॲस्पिरिनची आजी विलो झाडाची सालच होती. आणि संधिवातावर 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत डायक्लोफेनॅक आणि स्टेरॉइड चोरून घातलेले तपासण्यांत सापडले आहे. गुण येतो तो त्यामुळेच. बिननावाच्या गोळीचा हा सर्वांत वाईट प्रकार.

माझ्यावर येणारा शेवटचा आक्षेप मला माहीत आहे. पाकिटावर मराठीत लिहिले म्हणून काय होणार, वाचतो कोण? खरे आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत चौकोन असतो, सोबत स्थानिक भाषेतले पत्रक द्यायचा नियम आहे, तरी २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर मेलेच. लेबल एकट्याने कोणाला वाचवत नाही. पण त्यावरून लेबलच काढून टाका असे कोणी म्हणाले नाही. फवारणीचा पोशाख, मिश्रणांवर बंदी, दुकानदाराची जबाबदारी हे प्रश्न तेव्हा उठले. तेच इथे हवे. २०२२ मध्ये केंद्राने १६ औषधे चिठ्ठीशिवाय विकू देण्याचा मसुदा काढला होता, त्यात उपचार पाच दिवसांपुरतेच अशी अट होती. ती अट दुखण्याच्या गोळ्यांना लावून बघा: आयबुप्रोफेन २०० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्यांचे पाकीट, वर मराठीत ठळक चार ओळी, कात्री लावायला मनाई, बिल सक्तीचे. सुजलेल्या गुडघ्याला गोळीआधी डायक्लोफेनॅकचा मलम, कारण कातडीतून रक्तात फारच थोडे जाते. नोंदणीकृत फार्मासिस्ट प्रत्येक दुकानात असावा हा कायदा आजही आहे. भिंतीवर टांगलेल्या प्रमाणपत्राऐवजी तो माणूस काउंटरवर उभा राहतो का, हे अन्न व औषध प्रशासनाने तपासावे. गांधीबागेतल्या घाऊक बाजारात पाकिटाचा आकार बदलला की गल्लीतल्या दुकानात तो आपोआप बदलतो, त्यासाठी दुकानादुकानात धाडी घालाव्या लागत नाहीत. आणि विक्री उघड झाली की त्या फार्मासिस्टला तीन गोष्टी निर्धास्तपणे विचारता येतील: बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पोटात कधी व्रण झाला होता का, आणि आज उन्हात किती वेळ होतास.